दहावीच्या ऑटोमोबाइल विषयात इंजेक्टर कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सव्वीस वर्षं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. गॅरेज मोठं नाही. दोन रॅम्प, एक कॉम्प्रेसर आणि हाताखाली तीन पोरं. एरवी वर्तमानपत्रात पत्र लिहिण्याचा माझा पिंड नाही, पण जानेवारीत एका शाळेत जे पाहिलं ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या राज्यातल्या काही माध्यमिक शाळांत नववी-दहावीला ‘ऑटोमोबाइल’ हा विषय असतो, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नाही. केंद्र सरकारनं २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, म्हणजे एनएसक्यूएफ, अधिसूचित केला. त्याखाली ऑटोमोबाइल, आरोग्यसेवा, किरकोळ विक्री, मल्टिस्किल असे विषय शाळांत आले. छंदवर्ग नव्हे, गुणपत्रिकेत येणारे विषय. या योजनेत बाहेरच्या कारागिराला अतिथी व्याख्यानाला बोलावण्याची सोय आहे. तसं मला बोलावणं आलं होतं.

शाळा चांगली आहे, हे आधी सांगतो. वर्कशॉपच्या भिंतीवर पान्यांचा बोर्ड होता आणि प्रत्येक पान्यामागे त्याची आकृती रंगवलेली होती, म्हणजे एखादा पाना जागेवर नसेल तर लांबूनही कळावं. माझ्या गॅरेजातही इतकी शिस्त नाही. कापून उघडं केलेलं एक टू-स्ट्रोक इंजिन होतं, तेल लावून राखलेलं. एक जुनी मोटारसायकल होती. मुलांच्या जर्नलमध्ये आकृत्या सुबक होत्या. मी विचारलं, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचे भाग कोणते? चाळीस हात वर झाले. फ्लोट, नीडल, मेन जेट, स्लो जेट. धडाधड उत्तरं आली. ज्या प्रशिक्षकानं हे करून घेतलं त्याच्याबद्दल मला आदरच वाटला.

मग मी माझी गाडी आत घेतली. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली, चार वर्षं वापरातली. येताना फाटकाबाहेर मी मुद्दाम तिच्या इंजेक्टरचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा, कपलर (वायरचा जोड) काढून ठेवला होता. मुलांना म्हटलं, “गाडी स्टार्ट होत नाही. गिऱ्हाईक दारात उभं आहे, त्याला कामावर जायचंय. शोधा.”

पोरं लगेच भिडली. एकानं प्लग काढला. दुसऱ्यानं टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं. तिसरा टाकीखाली डोकं घालून बराच वेळ काहीतरी शोधत होता. शेवटी तो बाहेर आला आणि म्हणाला, “काका, हिला कार्बोरेटरच नाहीये.”

दोन वर्षं ज्या भागाच्या आकृत्या काढल्या, तो भागच गाडीत नव्हता. त्या मुलाच्या चेहऱ्यावर आपलंच काहीतरी चुकतंय असा भाव होता. चूक त्याची नव्हती.

मी किल्ली फिरवली आणि म्हटलं, मीटरवरच्या पिवळ्या दिव्याकडे बघा. दिवा एकदा लांब लागला, मग दोनदा आखूड. थांबला. पुन्हा एक लांब, दोन आखूड. मी सांगितलं, या कंपनीच्या गाडीत लांब म्हणजे दहा आणि आखूड म्हणजे एक. मागच्या रांगेतली एक मुलगी पटकन म्हणाली, “बारा.” मी तिच्या हातात तक्ता दिला. बारा नंबरसमोर लिहिलं होतं इंजेक्टर. तिनं विचारलं, “डॉक्टरच्या इंजेक्शनसारखं?” मी म्हटलं, अगदी तसंच, फक्त इथं डोस किती द्यायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. इंजेक्टर कुठं असतो ते मी बोटानं दाखवलं. सुटा कपलर तिला स्वतःलाच सापडला. तिनं तो दाबला, ‘टक्’ आवाज झाला आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली. वर्गात जो गलका झाला तो ऐकून मुख्याध्यापक बाहेर आले.

या सगळ्याला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. त्या मुलांना शिकता येत नाही असं कुणी म्हणूच नये. त्यांच्यापुढे ठेवलेला अभ्यासक्रम जुना आहे, एवढंच.

देशात बीएस-६ वाहनं सक्तीची झाली १ एप्रिल २०२० पासून. तेव्हापासून नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि त्याच्या जागी थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि या सगळ्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, आला. त्याआधी एक वर्ष, एप्रिल २०१९ पासून, १२५ सीसीच्या वरच्या दुचाक्यांना ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस यंत्रणा सक्तीची झाली. यातलं काहीच अचानक झालेलं नाही. बीएस-५ वगळून थेट बीएस-६ वर जायचं हे सरकारनं २०१६ मध्येच जाहीर केलं होतं. कंपन्यांना तयारीला चार वर्षं मिळाली आणि त्यांनी अख्खी इंजिनं बदलली. २०१६ मध्ये जे पोर सहावीत बसलं, ते दहावीला येईपर्यंत रस्त्यावरची नवी गाडी वेगळी झालेली असणार, हे तेव्हाच कागदावर लिहिलेलं होतं. वाहनाचा नियम ज्या तारखेला बदलतो, त्या तारखेला शाळेतला अभ्यासक्रम का बदलत नाही, हा माझा साधा प्रश्न आहे.

प्रश्न फक्त नोकरीचाही नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे दहावी झालेला एक मुलगा कामाला लागला. शाळेत हाच विषय घेतलेला, प्रमाणपत्र होतं, हात चांगला होता. एका संध्याकाळी त्यानं नुकत्याच बंद केलेल्या बीएस-६ गाडीची पेट्रोलची नळी ओढून काढली. कार्बोरेटरच्या गाडीत नळी काढली तर पेट्रोल ठिबकतं, कारण ते टाकीतून आपल्या वजनानं खाली येत असतं. इंजेक्शनच्या गाडीत टाकीत पंप असतो आणि नळीत साधारण तीन बारचा दाब असतो. पेट्रोलची चिळकांडी थेट तापलेल्या इंजिनावर उडाली. माझं नशीब आणि त्याचंही, की भडका उडाला नाही. डोळ्यांत थोडं गेलं, पाण्यानं धुतलं, डॉक्टरला दाखवलं. रात्री मला झोप लागली नाही. आधी पंपाचा कपलर काढायचा, इंजिन चालवून नळीतला दाब उतरवायचा आणि मगच नळीला हात लावायचा, हे मी त्याला सांगायला हवं होतं. तेवढा दोष माझा. पण दोन वर्षं ‘सुरक्षितता’ हा धडा शिकून आलेल्या मुलाला हे कुणीच का सांगितलं नव्हतं? त्याच्या धड्यात सैल कपडे घालू नका, आग विझवण्याचं यंत्र जवळ ठेवा, एवढं होतं. गाडी बदलली की धोकाही बदलतो. आता विजेच्या दुचाक्या आल्यात, ४८ ते ७२ व्होल्टच्या बॅटऱ्या घेऊन. २०२२ मध्ये बॅटऱ्यांना आगी लागल्या, त्यानंतर त्यांच्या चाचणीचे निकष कडक झाले. हातातलं कडं, अंगठी काढल्याशिवाय त्या बॅटरीच्या टर्मिनलजवळ जायचं नाही, हे वाक्य पुस्तकात यायला आणखी किती वर्षं लागणार आहेत?

त्या शाळेतल्या प्रशिक्षकाशी मी चहाच्या वेळी बोललो. वयानं माझ्या पोराएवढा. आयटीआय केलेला, एजन्सीमार्फत कंत्राटावर. तो म्हणाला, “दादा, मला कळत नाही असं नाही. पण वर्कशॉपची यादी मंजूर आहे, परीक्षा त्या यादीवर होते. मी इंजेक्टर शिकवत बसलो आणि मुलांना जेटचं नाव आलं नाही, तर गुण त्यांचे जाणार.” हे ऐकल्यावर मला खरी गोम कळली. वरवर बघता सुधारणा होत असतात. राष्ट्रीय पात्रतेच्या कागदांवर शेवटच्या आणि पुढच्या फेरतपासणीची तारीख छापलेली असते. २०२३ मध्ये एनएसक्यूएफ आराखड्याच्या दहा पायऱ्यांच्या आठ झाल्या. त्याच वर्षी शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात व्यावसायिक शिक्षणाला मानाचं स्थान दिलंय. पण वरचा कागद बदलला तरी खाली अवजारांची यादी तीच, प्रात्यक्षिक परीक्षेचा नमुना तोच आणि प्रशिक्षकाला नवं शिकायला सवड नाही. अशा बदलाचा त्या मागच्या रांगेतल्या मुलीला काय उपयोग?

म्हणून माझी मागणी एकच आहे. अभ्यासक्रमाचं मानक, अवजारांची यादी, प्रात्यक्षिक परीक्षा आणि प्रशिक्षकाचं प्रशिक्षण हे चारही एकाच आदेशात, एकाच तारखेला बदला. त्यातलं एक मागे राहणार असेल तर बाकीचे तीन बदलले असं सांगू नका. आणि वाहनांचा नियम बदलण्याची तारीख जाहीर झाली, की त्याच दिवशी हे काम सुरू करा.

प्रात्यक्षिक परीक्षेवर मी जास्त भर देईन, कारण जे परीक्षेत येतं तेच शिकवलं जातं. आज नाव सांगा, आकृतीला नावं द्या, तोंडी उत्तर द्या, असं चालतं. त्याऐवजी परीक्षकानं गाडीत एक दोष करून ठेवावा. कपलर सैल करावा, फ्यूज उडवावा, क्लच केबल आवळावी. वीस मिनिटं द्यावीत. मुलानं दोष शोधावा आणि शोधताना काय तपासलं, कोणत्या क्रमानं तपासलं, ते पाच ओळींत लिहावं. दोष सापडला नाही तरी क्रम बरोबर असेल तर गुण द्यावेत. मी नवा पोरगा कामावर घेताना हेच करतो. डिग्री-डिप्लोमा बघत नाही, तो दिव्याच्या दिशेनं जातो की हाताला लागेल तो बोल्ट खोलतो, ते बघतो. मानकात ‘इंधन प्रणालीचे ज्ञान’ असं लिहिलेलं असतं. ज्ञान कसं मोजणार? ‘दिव्याचा कोड वाचून नादुरुस्त सेन्सर ओळखतो’ असं लिहा, म्हणजे शिकवणाऱ्यालाही कळेल, परीक्षकालाही कळेल आणि माझ्यासारख्यालाही.

जुनं सगळं फेकून द्या, असं मात्र मी म्हणत नाही. नवं करायचं म्हटलं की ड्रोन आणि रोबोटची चित्रं पुस्तकात घालायची, असं झालं तर ते आजच्यापेक्षा वाईट. कार्बोरेटर मी एक दिवस तरी ठेवेनच. हवा आणि पेट्रोल कशी मिसळतात ते त्यात डोळ्यांनी दिसतं. वजनानं एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे गणित इंजेक्टरच्या आतही तेच आहे, फक्त ते झाकलेलं आहे. आणि हाताचं काम तर कधीच जुनं होत नाही. टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट, सेट करताना ०.०८ मिलिमीटरची पत्ती फटीत घालून ओढायची असते. ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली तर फट जास्त आहे. अडकून बसली तर कमी आहे. किंचित धरून, पण न थांबता सरकली, तर बरोबर. हे ‘किंचित’ किती, ते कोणत्याही व्हिडिओतून कळत नाही. पन्नास वेळा ओढून बोटांना कळतं. शाळेनं ते पन्नास वेळा करू द्यायला हवं. मल्टिमीटर धरणं, वायरिंगचा नकाशा वाचणं, बोल्ट हातानं दोन आटे बसवल्याशिवाय पाना न लावणं, कामानंतर अवजार पुसून जागेवर ठेवणं, या गोष्टी बीएस-१०पर्यंत उपयोगी पडतील. मानक ठरवताना कोणतं कौशल्य पाच वर्षांनी बदलेल आणि कोणतं तीस वर्षं टिकेल, याचे दोन वेगळे भाग करा. बदलणाऱ्या भागाची फेरतपासणी लवकर लवकर करा, टिकणाऱ्या भागाला तास जास्त द्या.

हे अशक्य आहे, असं कुणी सांगू नये. २०२४ मध्ये आपल्या राज्यानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा मी जरा चौकशी केली होती, भाच्यासाठी. तिकडे २००३ मध्ये गाडीचा मेकॅनिक आणि गाडीचा इलेक्ट्रिशियन हे दोन वेगळे व्यवसाय मोडून एकच केला, मेकाट्रॉनिक्स तंत्रज्ञ. का, तर गाडीत यंत्र कुठं संपतं आणि वीज कुठं सुरू होते हे सांगता येईनासं झालं. पुढे २०१३ मध्ये त्यात उच्च व्होल्टेजची खास शाखा घातली. तिथं असा अभ्यासक्रम बदलताना मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. आपल्याकडेही उद्योगांचं मत घेतात म्हणे. पण मला किंवा माझ्या ओळखीच्या एकाही गॅरेजवाल्याला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काय लागतं ते कंपनी सांगेल. वॉरंटी संपलेली गाडी येते ती आमच्याकडे, आणि दहावी झालेला मुलगा पहिल्यांदा कामाला येतो तोही बहुतेक वेळा आमच्याकडेच. आम्हाला इंग्रजीत अहवाल लिहिता येत नाही. पण कोणत्या मुलाला काय येत नाही, ते आम्ही रोज बघतो. जिल्ह्याच्या पातळीवर अशा समितीत दोन गॅरेजवाले, एक वायरमन, एक सुतार, एक परिचारिका घ्यायला काय हरकत आहे?

आपल्याला हे सुचत नाही असंही नाही. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण हा विचार मांडला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला शास्त्रज्ञ डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती खऱ्या कामावर शिकली, गावाला लागणाऱ्या वस्तू बनवत शिकली. खरं गिऱ्हाईक समोर असलं की अभ्यासक्रम जुना राहूच शकत नाही, कारण गिऱ्हाईक जुनी गोष्ट घेत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत शाळा-कॉलेजातल्या निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख होईल. निम्म्या मुलांना ओळख करून द्यायची तर ती आजच्या कामाची करून द्या. पालक या विषयाला ‘अभ्यासात मागे पडलेल्या पोरांचा विषय’ म्हणतात, ते मला फार लागतं. पण घरात बीएस-६ गाडी उभी असताना पोरगं जर्नलमध्ये टू-स्ट्रोक रंगवत असेल, तर त्या पालकाला मी काय सांगू?

प्रशिक्षकांचंही एक सांगायचंय. त्यांना वर्षातून दहा दिवस चालत्या गॅरेजात पाठवा, पगार चालू ठेवून. माझ्याकडे येणाऱ्याला मी मोकळेपणानं शिकवीन, पैसे नकोत. गाडीतला दोष वाचणारा स्कॅनर माझा वापरावा. तो मुलगा, म्हणजे ते प्रशिक्षक सर, एप्रिलमध्ये स्वखर्चानं तीन रविवार आले होते. तिसऱ्या रविवारी त्यांनी माझ्याआधी दोष सांगितला.

त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट केली. अपघातात मोडीत निघालेल्या एका बीएस-६ गाडीची पूर्ण वायरिंग, ईसीयू, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, पेट्रोल पंप, मीटर असं सगळं एका प्लायवूडच्या फळीवर बसवलं. नळीत पेट्रोल नाही, त्यामुळे धोका नाही. बॅटरी जोडली की दिवा लागतो, कोणताही कपलर काढला की कोड बदलतो. चाळीस मुलांना आळीपाळीनं हात लावता येईल. फळीवर प्रत्येक भागाचं नाव सरांनी मराठीत सुवाच्य अक्षरात लिहिलंय.

ही फळी मी शाळेला देऊन टाकली होती. मुख्याध्यापकांनाही ती मनापासून हवी आहे. पण मंजूर यादीत अशी वस्तू नसल्यानं साहित्याच्या नोंदवहीत तिची नोंद कोणत्या नावाखाली करायची, असा प्रश्न आला. त्यांनी वर लेखी विचारलंय. उत्तर येईपर्यंत फळी माझ्या गॅरेजात कॉम्प्रेसरशेजारी ठेवली आहे. धूळ बसू नये म्हणून वर चादर टाकली आहे. जूनमध्ये शाळा सुरू होईल, त्याच्या आत संबंधितांनी एवढं एक उत्तर द्यावं, ही विनंती आपल्या वर्तमानपत्रातून करतो.

आपला,
एक दुचाकी मेकॅनिक